मेणवलीचा वाडा आणि जुन्नर-आंबेगांवचीं जोतीं

जुन्नरास गेलेला प्रवासी प्रथम वर पाहतो. समोर शिवनेरी उभा असतो, आणि ज्या गडावर १६३० सालीं शिवछत्रपतींचा जन्म झाला त्या गडावरून नजर काढून ती खालच्या गांवाकडे वळविणें सोपें नसतें. गड पाहून झाला म्हणजे लेण्याद्रि आहे, सातवाहनांच्या शिलालेखांचा नाणेघाट आहे, आणि आसपासच्या डोंगरांत कोरलेलीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. एवढें पाहून परतलेल्या माणसाला आपण जुन्नर पाहिलें असें वाटतें, व तें कांहीं खोटें नाहीं. परंतु एक प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं, तो आम्ही येथें विचारूं इच्छितों. दोन हजार वर्षें नांदत्या असलेल्या या गांवांत भिक्षूंचीं घरें टिकलीं, देवांचीं घरें टिकलीं, राजांचे गड टिकले, मृतांवरचे घुमट टिकले. मग जिवंत माणसें ज्यांत जेवलीं, निजलीं, भांडलीं आणि हिशेब मांडून बसलीं, तीं थोर घरें कोठें गेलीं?

जुन्नर हें कांहीं लहानसहान ठाणें नव्हतें. १४९० सालीं बहामनी सत्तेपासून फुटून मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली तेव्हां त्याची पहिली बैठक येथेंच होती. अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) त्यानंतर वसलें. पुढें निजामशाही मोडकळीस आली असतां हबशी वजीर मलिक अंबर यानें ती सांवरून धरली, आणि कांहीं काळ राजधानीचा मान पुन्हां जुन्नरास दिला. घाटावरून कोंकणांत उतरणारा व्यापार याच वाटेनें चाले. १६५७ सालीं महाराजांनीं मोंगलांच्या या ठाण्यावर छापा घातला तेव्हां हातीं लागलेल्या द्रव्यावरून व घोड्यांवरून येथील वैभवाची कल्पना येते. अशा शहरांत वाडे-हवेल्या नव्हत्या असें कोण म्हणेल?

आज मात्र गांवाच्या पूर्वेस हापूसबागेकडे गेलें म्हणजे दोन वास्तु पाहावयास मिळतात, आणि त्या दोहोंतील फरक फार बोधक आहे. एक आहे हबशी घुमट, ज्यास सौदागर घुमट असेंही म्हणतात. तो कोणा मृताच्या विश्रांतीसाठीं बांधलेला. त्याच्या भक्कम दगडी भिंती व त्यांवरील भला मोठा घुमट अद्यापि दुरून लक्ष वेधून घेतात. दुसरा आहे हबशी महाल. जिवंत माणसांच्या सुखासाठीं बांधलेला, आणि आतां भग्न. एकाच परिसरांतील या दोन वास्तूंवर सारखाच पाऊस पडला. पण थडग्यास रहिवाशाची गरज नसते; महालास असते. महालाचे लोक गेले आणि त्यांच्यामागें महालही गेला.

जुन्नराहून दक्षिणेस आंबेगांव तालुक्यांत उतरावें, तर तेथें याहून चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या गांवाचें नांव तालुक्यास मिळालें तें मूळ आंबेगांवच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. धरणानें खालच्या शेतांना पाणी दिलें, आणि त्या पाण्याची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्यांचीं घरें त्यांत गेलीं त्यांस विचारावें, म्हणजे वास्तु ही केवळ दगडमातीची रास नव्हे हें कळेल. गांव हलवितां येतें. उंबरठा हलवितां येत नाहीं.

याच भागाच्या पश्चिम टोंकास, सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकर आहे. देवळाचें शिखर नाना फडणीसांनीं बांधविलें, आणि देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती घडविणारे ख्रिस्ती होते. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं फिरंग्यांपासून वसई घेतली तेव्हां तेथील देवळांच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या, त्यांतील ही एक. हिची एक बहीण येथून बरीच दूर, सातारा जिल्ह्यांत, वाईजवळच्या मेणवलीस आहे. तीही नानांच्याच आश्रयास आहे. भीमेच्या उगमाजवळ एक आणि कृष्णेच्या कांठीं दुसरी, अशा या दोन घंटांच्या नादामागून आम्ही वाचकांस जुन्नर-आंबेगांवाहून मेणवलीस घेऊन जाणार आहोंत. कारण जुन्नरास जें हरवलें तें मेणवलीस अद्यापि उभें आहे.

नानांचा जन्म १७४२ सालीं साताऱ्यास झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं ते पानिपतावर होते. त्या प्रलयांतून ते स्वतः वांचून आले, पण त्यांची आई परत आली नाहीं. पुढें सारा जन्म ज्यानें राज्याचे जमाखर्च आणि राज्याचीं कारस्थानें एकाच थंड डोक्यानें सांभाळलीं त्या पुरुषाच्या मनाचा घाट समजावयाचा असेल, तर ही पहिली हानि विसरतां येत नाहीं. १७६८ च्या डिसेंबरांत औंधचे भवानराव त्र्यंबक प्रतिनिधि आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं मेणवली गांव नानांस दिलें. नानांनीं तेथें वस्ती वसविली, कृष्णेस दगडी घाट बांधला, घाटावर विष्णूचें व मेणेश्वराचें अशीं देवळें उभारलीं, आणि जवळच सहा चौकांचा, तटबंदीचा वाडा बांधला. वाडा, घाट आणि देऊळ हीं तिन्ही येथें एकमेकांस धरून आहेत. सकाळीं नदीवर स्नान, देवळांत दर्शन, आणि मग ओसरीवर येऊन कागद उलगडणें, असा एका गृहस्थाश्रमी मुत्सद्द्याचा दिवसच जणूं येथें दगडांत व लांकडांत मांडून ठेविला आहे.

घाटावरच्या एका लहानशा देवळींत ती घंटा आहे. पंचरसी धातूची, साडेसहाशें किलोंहून अधिक वजनाची. तीवर १७०७ हें साल असून बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. ती आकृति कोणीं खरवडून काढली नाहीं, ही गोष्ट आम्हांस वसईच्या विजयाइतकीच अभिमानास्पद वाटते. जिंकून आणलेल्या वस्तूवरील परक्या धर्माची माता तशीच ठेवून त्याच घंटेनें आपल्या देवास जागें करावें, यांत जुन्या माणसांची एक प्रकारची ऐसपैस वृत्ति दिसते.

वाड्यांत शिरतांना मराठी वाड्याची सारी बोली एकापाठोपाठ एक ऐकूं येते. ज्यांचें बालपण अशा घरांत गेलें त्यांस हे शब्द नवे नाहींत. ज्यांचें फ्लॅटांत गेलें त्यांच्यासाठीं ते येथें लिहून ठेवितों. मोठ्या दरवाज्यास दिंडी. दिंडीच्या आंत देवडी, जेथें पहारेकरी बसत. मग पहिला चौक, जो परक्यांचा. मग ओसरी आणि सोपा. पुढें माजघर, देवघर, मुदपाकखाना, आणि शेवटीं परसू, जेथें विहीर व तुळस. एकेक चौक ओलांडला कीं एकेक नातें जवळचें होतें. खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे, त्यांवर महिरपी, वर तुळया आणि कडीपाट. भिंती खालीं घडीव दगडाच्या व वर विटांच्या, इतक्या जाड कीं त्यांच्या पोटांत कोनाडे, बळदें आणि जिनेही मावावे. बाहेरून पाहणारास गढी वाटते आणि आंत आलें कीं घराच्या मधोमध आकाश सांपडतें. चौकांतून ऊन उतरतें, हवा खेळते, आणि वैशाखांतही माजघर थंड राहतें. मेणवलीच्या भिंतींवर पौराणिक प्रसंगांचीं चित्रेंही आहेत. रंग कोठें उडाले आहेत, पोपडे धरले आहेत; तरी ज्यांच्या घरीं दिवसभर तहनामे आणि फौजांचे हिशेब चालत, त्यांना सायंकाळीं डोळ्यांपुढें काय असावेसें वाटे हें त्यांवरून समजतें.

हा सर्व थाट आम्ही वर्णितों खरा, पण वाडा उभा राहिला तो या थाटामुळें नव्हे. १८०० च्या मार्च महिन्यांत नाना वारले. त्यांच्यामागें औरस पुत्र नव्हता. होती ती जिऊबाई, वयानें अगदीं लहान अशी विधवा. दुसऱ्या बाजीरावाची नानांच्या धनावर व माणसांवर वक्र दृष्टि. पुढील धामधुमींत या मुलीस लोहगडावर आश्रय घ्यावा लागला, आणि अखेर जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीनें तिची तेथून सुखरूप सुटका झाली. ज्या कारकुनी बुद्धीनें अर्धें हिंदुस्थान पटावर खेळविलें तिचा वारसा एका अल्पवयी विधवेच्या पदरांत पडला, आणि तिनें तो सांभाळला. पेशवाई गेली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, पुण्याचें वैभव ओसरलें. जिऊबाई मेणवलीस राहिल्या, दत्तक घेऊन घराणें पुढें चालविलें, आणि १८५४ पर्यंत त्या वाड्यांत दिवा लावीत राहिल्या. नानांच्या नांवावर पुस्तकें पुष्कळ झालीं. वासुदेवशास्त्री खऱ्यांचें चरित्र तर प्रसिद्धच आहे. परंतु नानांनीं बांधलेला वाडा ज्या बाईनें आपल्याला राखून दिला तिच्याविषयीं आमच्या लोकांनीं फारच थोडें लिहिलें आहे. वास्तु बांधणाराचें नांव दरवाजावर असतें; ती टिकविणाराचें कोठेंच नसतें.

वाडा राहिला म्हणून कागद राहिले. नाना हे फडणीस. कागद हाच त्यांचा किल्ला. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, ग्वाल्हेर, सर्व दरबारांतून त्यांच्याकडे वकिलांचीं पत्रें येत, आणि त्यांपैकीं पुष्कळ मेणवलीस ठेविलीं गेलीं. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या खटपटीनें हें मेणवली दप्तर उजेडांत आलें, आणि पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत सुरक्षित स्थळीं पोंचलें. याच वाई परिसरांत एका घरांत सांपडलेल्या पत्रांवरून इतिहासाचार्य राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, हें वाचकांस आठवत असेलच. घरें उभीं होतीं म्हणून हे रुमाल वांचले. एखादें छप्पर दहा वर्षें आधीं कोसळलें असतें तर मराठ्यांच्या इतिहासाचें एक पान कोरें राहिलें असतें. म्हणून वाड्याचें रक्षण हा केवळ शोभेचा प्रश्न नाहीं.

आतां याच्या उलट बाजू पाहूं. पुण्याचा शनिवारवाडा १७३० सालीं सुरू झाला आणि १७३२ त पहिल्या बाजीरावानें त्याची वास्तुशांति केली. पेशवाई बुडाल्यावर तो रिकामा राहिला असें नाहीं. त्यांत कलेक्टर राहिला, कैदी राहिले, रोगी राहिले. वापर होता, पण आपलेपणा नव्हता. १८२८ च्या फेब्रुवारींत आग लागली ती आठवडाभर धुमसत राहिली, आणि आंतील सारें लांकूडकाम भस्म झालें. तट व दिल्ली दरवाजा तेवढे उरले. जवळचाच विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा. त्यासही १८७९ त आग लागली. परंतु त्यांत पाठशाळा भरे, पुणेकरांचा त्यावर जीव होता. लोकवर्गणीच्या मदतीनें जळालेला भाग पुन्हां उभा झाला, आणि त्याची सागवानी दर्शनी बाजू आजही रस्त्यावरून पाहतां येते. खुद्द आंबेगांवच्या शेजारीं, खेड तालुक्यांत, वाफगांवीं होळकरांची गढी आहे. यशवंतराव होळकरांचा जन्म १७७६ सालीं तेथें झाला. त्या गढींत पुष्कळ वर्षें शाळा भरत आली. मुलांच्या गलबल्यानें भिंती झिजतात हें खरें; पण ज्या घरांत रोज कोणी येतें त्याच्या छपराचें भोंक निदान कोणाच्या तरी डोक्यावर गळतें, आणि मग तें बुजविलें जातें.

वाडा मरतो कसा, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण तो एकाएकीं मरत नाहीं. दरवर्षीं मृग लागण्यापूर्वीं छप्पर शाकारावें, फुटकीं कौलें बदलावीं, पन्हळी साफ कराव्या, ही घरची रीत. घर रिकामें झालें कीं प्रथम ही रीत मोडते. एक कौल सरकतें. त्यांतून उतरलेलें पाणी भिंतीच्या माथ्यावर मुरतें आणि तुळईचें जें टोंक भिंतींत पुरलेलें असतें तें आंतल्या आंत कुजूं लागतें. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. भिंतीच्या सांध्यांत पिंपळाचें रोप धरतें. त्यास कोणी हात लावीत नाहीं, कारण पिंपळ. कांहीं वर्षांनीं एका श्रावणांत रात्रीं मोठा आवाज होतो आणि सकाळीं चौकांत ढिगारा असतो. लोक म्हणतात, वाडा पावसानें पडला. वाडा पावसानें पडला नाहीं. तो पंधरा वर्षांपूर्वीं न बदललेल्या एका कौलानें पडला. उलट, कांहीं लोक ममतेनें पण अजाणतेपणें जुन्या भिंतींस सिमेंटाचा गिलावा देतात. चुन्याची भिंत श्वास घेते. सिमेंटाखालीं ओल कोंडते आणि वीट भुगा होते. चुन्याच्या भिंतीस चुनाच पाहिजे, आणि तो मळणारा जाणता गवंडी आतां दुर्मिळ होत आहे. ज्या दिवशीं तो नाहींसा होईल त्या दिवशीं पैसे असूनही वाडे वांचविणें कठीण जाईल.

आमच्या या बोलण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, हे वाडे रयतेच्या वसुलावर उभे राहिले; गवंडी, सुतार, पाणक्या, कुळंबिणी यांच्या घामाची नोंद त्यांत कोठें आहे? मग सरदार-मुत्सद्द्यांच्या वैभवाची आज एवढी आस्था कां? यावर आमचें म्हणणें असें. वाडा राखणें म्हणजे वाड्याच्या धन्यास पूजणें नव्हे. कुळंबिणीची नोंद कोठें असेल तर ती दप्तराच्या रुमालांतच असेल, आणि सुताराचा हात कोठें दिसेल तर तो खांबावरच्या नक्षींतच दिसेल. वाडा पाडला म्हणजे धन्याचें नांव पुस्तकांत राहतें. जातो तो कारागिराचा एवढा एकच पुरावा.

दुसरा आक्षेप वाड्याच्या मालकाचा, आणि तो अधिक बोचरा. तो म्हणतो, "तुम्ही सुटीच्या दिवशीं येतां, 'वाहवा' म्हणतां, छायाचित्र घेतां आणि निघून जातां. आम्ही बाराजण वारस. कोणी पुण्यांत, कोणी परदेशांत. एका छपराचा खर्च आमच्या वर्षाच्या मिळकतीहून अधिक. कोरीव खांबास गिऱ्हाईक रोज येतें. वाड्यास कोणी येत नाहीं." या गृहस्थास उत्तर देण्याचा अधिकार नुसत्या रसिकास नाहीं. १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, हे सर्व आपल्या जागीं योग्य आहेत. शिवनेरीसारखा गड आणि लेणीं त्यांच्या छत्राखालीं येतात. परंतु गांवोगांवचे शेंकडों वाडे त्यांत बसणें शक्य नाहीं. मेणवलीचा वाडा अद्यापि घराण्याकडेच आहे. तेथें चित्रपटवाले येतात. २००४ सालच्या 'स्वदेस' या चित्रपटांतील गांव पुष्कळांनीं पाहिला, तो मेणवलीचा घाट होय. नानांच्या ओसरीसमोर दिव्यांचे खांब उभे राहिलेले पाहून आमच्यांतील जुन्या वळणाच्या मंडळींस वाईट वाटतें. आम्हांस तितकें वाटत नाहीं. वाड्यास पोटापुरतें मिळविण्याची मोकळीक असावी. मात्र मिळालेल्यांतील पहिला वांटा छपराचा असावा.

म्हणून जुन्नर-आंबेगांवकडच्या, आणि महाराष्ट्रांतील कोठल्याही, ज्या कुटुंबांत जुन्या वाड्याचा हिस्सा अद्यापि आहे, त्यांस आमची विनंति फार मोठी नाहीं. पैसे नसतील तर वाडा नवा करूं नका. फक्त मृगापूर्वीं कौलें पाहा. वारसांत वांटणी करावयाची तर आधीं घराची मोजणी करून नकाशा व छायाचित्रें काढून ठेवा. चौक दुभंगणारी भिंत घालण्यापूर्वीं एकदां सर्वांनीं त्या चौकांत एकत्र बसा. माळ्यावरचे मोडी कागद रद्दींत देऊं नका. पुण्यांत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, अशा संस्थेस दाखवा. आणि घरांतील सर्वांत वृद्ध बाईस विचारून घ्या कीं, कोणत्या कोनाड्यांत काय ठेवीत असत. हा नकाशा कोणत्याही कचेरींत मिळणार नाहीं, आणि तो फार दिवस उपलब्धही राहणार नाहीं.

हबशी महालाच्या धन्यांस हें सांगणारें कोणी राहिलें नव्हतें, आणि पाण्याखालीं गेलेल्या आंबेगांवास तें सांगून उपयोग नव्हता. परंतु जीं घरें उरलीं आहेत त्यांस अजून वेळ आहे. जिऊबाईपाशीं सत्ता नव्हती, फौज नव्हती, बाजीरावाची मर्जी नव्हती. होता तो एक वाडा आणि त्यांत राहण्याचा निश्चय. तेवढ्यावर सहा चौक उभे राहिले. मेणवलीच्या घाटावर वसईची घंटा आहे, आणि भीमाशंकरीं तिची बहीण. दोघींच्या मध्यें जो मुलूख पसरला आहे त्यांतील किती चौकांत पुढच्या पिढीस सांजवात दिसेल, हें त्या घरांत राहणारांच्या हातीं आहे; आणि थोडेंबहुत आपल्याही.